ओव्हाळ सुभेदारांचा खांदा

चाकणच्या आमच्या कारखान्यात नवीन माणूस रुजू झाला की जेवणाच्या सुट्टीत त्याला एक किस्सा ऐकवतात. परदेशी पाहुणे आले होते, मांडव घातला होता, मोठा पडदा लावला होता आणि ऐन वेळी ओव्हाळ सुभेदारांचं अवसान गळालं. त्यांनी ड्रोन सरळ खाणीच्या पाण्यात बुडवलं. सांगणारा हाताचा पंजा खाली खाली नेतो, शेवटी ‘गुळूक’ म्हणतो आणि टेबलावरचे सगळे हसतात. त्या टेबलाशी बसून मीही हा किस्सा ऐकला आहे. हसलो नाही, पण उठूनही गेलो नाही.

किस्सा खोटा आहे. त्या दिवशी चूक झाली ती माझ्या हातून, आणि ड्रोन पाण्याला टेकायच्या आधीच ते मला कळलं होतं. ती कशी झाली ते सांगणारच आहे. पण आधी सुभेदार कोण होते हे सांगितलं पाहिजे, कारण त्या किश्शात ते फक्त बुडवण्यापुरते येतात.

माझा पुतण्या मंदार छोटी ड्रोनं बनवतो. पाठीवरच्या पिशवीत मावतील एवढी. पायदळाच्या तुकडीनं ती सोबत न्यायची आणि टेकडीपलीकडे काय आहे ते पाहून घ्यायचं, हे त्यांचं काम. मी ताथवड्याच्या एका कॉलेजात मापनाची उपकरणं शिकवून निवृत्त झालो. चिंचवडला घरी बसून सोसायटीच्या पाण्यावरून भांडण्यापेक्षा बरं, म्हणून मंदारकडे तपासणी विभागात जाऊ लागलो. तो मला काका म्हणतो, म्हणून सगळा कारखाना काका म्हणतो.

एका पलटणीचे जवान आमच्याकडे तुकड्या-तुकड्यांनी ड्रोन शिकायला येत. आमची इंजिनिअर मुलं त्यांना शिकवताना पडद्यावर तक्ते दाखवत आणि जवान शिस्तीत, पाठ ताठ ठेवून, उघड्या डोळ्यांनी झोपत. म्हणून मंदारनं त्यांच्यातलाच एक निवृत्त माणूस शोधून आणला. हे ओव्हाळ सुभेदार.

ठेंगणे, रुंद, आवाज शेडच्या पत्र्याला लागेल असा. मिशी काळीभोर. ती रंगवलेली नाही असं ते न विचारता सांगत. राहायला थेरगावात, लहानपण पिंपरीच्या कामगार वस्तीत गेलेलं. वडील एका कंपनीत माल बांधायच्या खात्यात होते. परदेशी जाणाऱ्या लाकडी खोक्यांवर पत्ते रंगवायचं काम त्यांच्याकडे होतं. “माझ्या बापानं अर्ध्या जगाचे पत्ते रंगवले,” सुभेदार सांगत, “आणि स्वतः कधी लोणावळ्याच्या पुढं गेला न्हाई.” एरवी ते नीट, जवळजवळ पुस्तकी बोलत. मनाला लागलं की मात्र भाषा वस्तीवर परत जाई.

रोज सकाळी आल्याबरोबर ते टेबलावर वर्तमानपत्र पसरून नखं कापत. कापायला काही उरलेलं नसलं तरी कापत. ड्रोन चालवायच्या दांड्या अंगठ्याच्या टोकानं हलवायच्या असतात. नख मध्ये आलं की मांसाला दांडी कळत नाही, हे त्यांचं म्हणणं.

मंदार म्हणायचा, “सुभेदार, इथं नको हो. गिऱ्हाईक येतं.”

“येऊ दे की. त्याला सांगा, तुमच्याच कामाची तयारी चाललीय.”

आपल्या विषयात ते दुसऱ्याला श्वास घेऊ देत नसत. जवानांनाच नव्हे, हिशेब सांभाळणाऱ्या कुंभारबाईंनाही त्यांनी एकदा पटांगणात उभं केलं. डोळे मिटायचे, आणि वर ड्रोन कुठे आहे ते नुसत्या कानानं ओळखून बोट दाखवायचं. बाईंनी बोट दाखवलं ते भिंतीकडेच्या पाण्याच्या कूलरकडे.

“बाई, तुम्ही आमच्या खंदकात असता तर आम्ही कूलरवर गोळीबार केला असता.”

“आणि तुमचा पगार मग कूलरनं काढला असता,” बाई म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या. सुभेदार दिवसभर ते वाक्य ज्याला त्याला सांगत हिंडले.

ते चुकतही असत, आणि चुकले की त्याचीही परेड होई. आमच्या ड्रोनला एक परतीचं बटण आहे. ते दाबलं की ड्रोन जिथून उडालं तिथं आपोआप येऊन उतरतं. सुभेदारांचा त्यावर विश्वास नव्हता. ते ड्रोनला पाखरू म्हणत. “पाखरू माणसानं नेलं, माणसानं आणायचं. आपोआप काय येतंय?” शेवटी आमच्या एका इंजिनिअर मुलीनं त्यांना मैदानावर नेलं, बटण दाबलं आणि हातातलं यंत्र बाजूला ठेवून दिलं. ड्रोन निमूट येऊन सुभेदारांच्या बुटापासून हातभर अंतरावर बसलं. कारखान्यात परत येऊन सुभेदार एकेका टेबलापुढे सावधान उभे राहिले आणि म्हणाले, “ओव्हाळ. परतीच्या बटणाबाबत मी चुकलो.” प्रत्येक टेबलापुढे हेच. फाटकावरच्या रखवालदारापुढेही. त्याला बिचाऱ्याला बटण कसलं तेच ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, “असू द्या साहेब, होतं कधी कधी.”

हे मी मुद्दाम सांगतो आहे. चूक दाखवली की ती हा माणूस जागेवर मान्य करी. पुढे जे झालं त्यात माझ्या कामी आली ती त्यांची हीच सवय.

आता हाताचा नियम.

ड्रोन चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर एक मोठा चष्मा असतो. ड्रोनच्या पुढच्या कॅमेऱ्याला जे दिसतं ते त्यात दिसतं; स्वतःच्या पायाशी साप आला तरी दिसत नाही. म्हणून शेजारी दुसरा माणूस उभा करतात. तो आकाशाकडे आणि भोवताली बघतो. बहुतेक ठिकाणी हा दुसरा माणूस तोंडानं सांगतो. सुभेदारांची पद्धत वेगळी होती. दुसऱ्या माणसानं आपला हात चालवणाऱ्याच्या उजव्या खांद्यावर ठेवायचा आणि काही झालं तरी काढायचा नाही. हात आहे तोवर सगळं ठीक. हात सुटला की ड्रोन असेल तिथं, त्याच क्षणी, सरळ खाली. विचारायचं नाही, थांबायचं नाही, हात परत आला तरी बेत बदलायचा नाही.

“का?” एका जवानानं विचारलं होतं.

“हात सुटला म्हणजे दुसरा माणूस पडला असं धरायचं,” सुभेदार म्हणाले. “तो पडला तर शत्रू जवळ आहे. आणि पाखरू हवेत असेल तर तू कुठं उभा आहेस ते पाखराच्या वाटेवरून त्याला कळतं. मेलेला माणूस तोंडानं ‘खाली घे’ म्हणत नसतो, बाळा. त्याचा हात तेवढा सुटतो.”

त्यांच्या त्याच उजव्या खांद्यात एक जुनी दुखापत होती. ड्रोन यायच्या आधीच्या काळात टेकडीमागे काय आहे ते बघायला माणूस पाठवत. एकदा सुभेदारांना पाठवलं होतं. त्याविषयी ते एवढंच बोलत: “आता पाखरू जातं. पाखरू पडलं तर कुणाच्या घरी फोन करावा लागत न्हाई.”

नियमाचा दुसरा अर्धा भाग ते चष्मा घालणाऱ्याला सांगत. “तू आंधळा आहेस. ज्याला दिसतंय त्यानं सांगायचं, ज्याला दिसत नाही त्यानं मानायचं. त्याच्याशी वाद घातलास तर दोघं मराल.”

त्यांचा नेहमीचा दुसरा माणूस म्हणजे बाळू शिंदे. हाही पायदळातून निवृत्त झालेला, मावळातल्या खेड्यातला, कमी बोलणारा. सुभेदार त्याला दिवसातून दहा वेळा रागावत आणि त्याच्याशिवाय जेवत नसत.

एकदा एका मित्रदेशाच्या पायदळाची तुकडी आपल्या पलटणीबरोबर संयुक्त सरावाला आली. ड्रोनच्या भागासाठी आम्हालाही छावणीत बोलावलं होतं. त्या तुकडीतला एक धिप्पाड सार्जंट खांद्याला हात लावू देईना. त्यांच्याकडे सगळं तोंडी चालतं, असं तो दुभाष्याकरवी सांगत होता. सुभेदार म्हणाले, बरं. त्यांनी त्याला चष्मा घालायला लावला, शेजारी ट्रकचं इंजिन सुरू करून ठेवलं आणि शिंदेला दुसरा माणूस म्हणून उभं केलं. शिंदे बेंबीच्या देठापासून ओरडू लागला, “आरं डावीकडं घे! डावीकडं! बाभळ हाय म्होरं, बाभळ!” सार्जंटनं ड्रोन बाभळीत घातलं. चष्मा काढून तो आधी झाडाकडे, मग शिंदेकडे बघत राहिला आणि हसत सुटला. सराव संपेपर्यंत ती सगळी तुकडी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उडवत होती.

काही महिन्यांनी त्या देशानं आपल्या लष्कराला विचारलं, आमच्या पायदळाला हे शिकवायला माणसं द्याल का? आपल्या पलटणीचे जवान जायचे होते, आमच्या कारखान्याचे दोन शिक्षक जायचे होते, आणि मुख्य शिक्षक म्हणून त्यांनी ओव्हाळांना नाव घेऊन मागितलं होतं. जायच्या आधी त्यांचे वरिष्ठ अधिकारी चाकणला येऊन एक प्रात्यक्षिक बघणार होते. ते नीट झालं की नक्की.

सुभेदार मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “बापानं रंगवलेल्या पत्त्यांपैकी एक तरी बघून येतो.” त्यांच्या पत्नी सुमनताईंनी डांगे चौकातून चाकांची मोठी बॅग आणली. थेरगावची अर्धी आळी ती बॅग बघून गेली.

प्रात्यक्षिक होतं कारखान्यामागच्या माळावर. माळाच्या पलीकडच्या अंगाला दगडाची जुनी खाण आहे, तिच्यात पाणी साठलेलं. खाणीच्याही पलीकडे एक अर्धवट बांधलेली शेड. ड्रोननं खाण ओलांडून जायचं, शेडमध्ये लपवलेली गाडी शोधायची आणि तिचं चित्र मांडवातल्या पडद्यावर दाखवायचं. पलटणीच्या मेजरसाहेबांनी पहाटेच येऊन सगळं बघून घेतलं होतं. त्यांनीच सुभेदारांचं नाव वर लावून धरलं होतं.

पाहुणे आले आणि शिंदे आला नाही. तळेगावकडून येणाऱ्या रस्त्यावर कंटेनर आडवा झाला होता आणि चाकणच्या चौकात गाडी मुंगीएवढीही सरकत नव्हती. शिंदेचा फोन आला: “सुभेदार, मी उतरून पळत येऊ का?”

“पळत येऊन धापा टाकत उभा राहशील. नको.” त्यांनी फोन ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, “काका, तुम्ही.”

मला पद्धत माहीत होती. कारखान्यातल्या प्रत्येकाकडून त्यांनी ती घोटून घेतली होती, माझ्याकडूनही, अनेकदा. तरी मी एक पाऊल मागे सरलो.

“मी म्हातारा माणूस, सुभेदार. एखादा तरुण—”

“तरुण पोरं पडद्याकडं बघतात. तुम्ही बघणार नाही. उभं राहा.”

त्यांनी चष्मा घातला. मी त्यांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. खांदा गरम होता आणि शर्टाखाली त्या जुन्या जखमेचा उंचवटा तळहाताला लागत होता. ड्रोन वर गेलं. आम्ही दोघं मांडवाच्या मागच्या बाजूला जरा अंतरावर होतो. मांडवातले सगळे पलीकडे पडद्याकडे तोंड करून बसले होते. मी आकाशाकडे बघत होतो. एक घार लांब फिरत होती. बाकी काही नव्हतं. ड्रोन खाणीच्या दिशेनं लहान होत गेलं.

तेवढ्यात माझ्या डाव्या बाजूला पावलं वाजली. पाहुण्यांचे सर्वांत मोठे अधिकारी मागे राहिले होते, ते आत्ता एकटेच मांडवाच्या मागून येत होते. उंच, पांढरे केस, माझ्याच वयाचे वाटले. माझ्याशी नजर भिडली. ते थांबले, दोन्ही हात जोडले आणि जरा वाकून म्हणाले, “नमस्ते.”

आणि मी नमस्कार केला.

एका हातानं नमस्कार होत नाही. समोर मोठा माणूस, पाहुणा, हात जोडून उभा आहे आणि आपण एक हात दुसऱ्याच्या खांद्यावर टाकून नुसती मान हलवायची, हे माझ्या हातांना कधी कुणी शिकवलंच नव्हतं. हात जोडले गेले. ते हसून मांडवात शिरले, तिथं सगळे उठून उभे राहिले, आणि माझा हात परत खांद्यावर गेला.

हाताखालचा खांदा बदलला होता. तो घट्ट झाला होता. ड्रोन वर-खाली करणाऱ्या दांडीवरचा सुभेदारांचा डावा अंगठा खाली आला होता आणि खालीच राहिला होता.

पुढचा कॅमेरा समोरचं दाखवतो, पायाखालचं दाखवत नाही. मांडवातल्या पडद्यावर आधी शेड दिसत होती, मग खाणीची पलीकडची कड वर सरकली, मग दगडाची भिंत, मग तपकिरी पाणी, मग काहीच नाही. मी ओरडून सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं; तसा नियमच होता.

मेजरसाहेब तरातरा आले. “साहब, ये क्या हुआ?” मागून मंदार आला, चेहरा पांढराफटक. त्याच्यामागे दोन पाहुणे.

सुभेदारांनी चष्मा काढला. मेजरसाहेबांना उत्तर देण्याआधी ते माझ्याकडे वळले. आवाज अगदी साधा होता, जेवलात का विचारावं तसा.

“काका, हात काढला होता?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मंदार तर असा बघत होता की मी काही बोललो तर त्याचं घर कोसळेल. मी आयुष्यभर मुलांना सांगितलं होतं, माप चुकलं तर चुकलं असं लिहा. मला एवढंच म्हणायचं होतं, हो, काढला, नमस्कारासाठी. ते वाक्य त्या घटकेला मला इतकं पोरकट वाटलं की मी म्हणालो, “नाही.”

सुभेदार माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. डॉक्टरनं काहीतरी सांगावं आणि आपण ते समजून घ्यावं, तसे. मग ते मेजरसाहेबांकडे वळून सावधान झाले. “साहब, गलती मेरी है.”

ज्याला दिसतंय त्यानं सांगायचं, ज्याला दिसत नाही त्यानं मानायचं. मी सांगितलं. त्यांनी मानलं.

पाहुण्यांनी फक्त ओव्हाळांचं नाव वगळलं; आपली शिकवणारी तुकडी गेली. मुख्य शिक्षक म्हणून शिंदेला पाठवलं. जाताना तो रडला आणि सुभेदारांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं, “रडतोस काय? बाभळ बघून उडव.” बॅग त्यांनी शिंदेलाच दिली.

माझी समजूत होती की ते मनातून मला ओळखून असतील. मी खोटं बोललो हे त्यांना माहीत आहे आणि वयाकडे बघून त्यांनी मला सोडून दिलं आहे. त्या समजुतीवर मी बरेच दिवस जगलो. तीही खोटी होती.

शिंदे जायच्या आधी एका दुपारी मी शेडमध्ये गेलो, तर सुभेदार डोळे मिटून खुर्चीवर बसले होते आणि शिंदे मागे उभा होता.

“ठेव,” सुभेदार म्हणत होते. “आता काढ. कधी काढतोस ते सांगू नको.”

शिंदे हात ठेवायचा, काढायचा. “काढला,” सुभेदार म्हणायचे. बरोबर. पुन्हा. बरोबर. मग एकदा शिंदेनं हात तसाच ठेवला आणि बराच वेळ गेला. सुभेदारांच्या कपाळावर घाम आला. “काढला,” ते म्हणाले.

“न्हाई काढला, सुभेदार,” शिंदे हळूच म्हणाला. “हाय अजून.”

“हां.” त्यांनी डोळे उघडले. “बघ. आता खोटं बोलाया लागलाय ह्यो.” त्यांनी उजव्या खांद्यावर चापट मारली, चुकार बैलाला मारावी तशी.

मी दारातून मागं फिरलो. तेव्हाच बोलायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा मंदारच्या टेबलावर ठेवला. “ज्याला हात कळत नाही त्यानं हा घालू नये,” म्हणाले. काही दिवस त्यांनी कानानं ओळखायचे धडे घेतले. मग तेही सोडले आणि यायचे थांबले. कारखान्यात गुळूकचा किस्सा सुरू झाला तो त्यानंतर.

मागच्या महिन्यात मला डांगे चौकाच्या बाजारात सुमनताई भेटल्या. हातात भाजीच्या पिशव्या.

“कसे आहेत सुभेदार?”

“खांद्यापायी येडे झालेत, काका. तेल झालं, शेक झाला. आता म्हणतात ऑपरेशन करून टाकू, मानेपाशी नस दबलीय. डॉक्टर म्हणतो गरज नाही, जुनी जखम आहे, आहे तशी राहू दे. पण हे ऐकतील तर ना! दुसरा डॉक्टर शोधतायत, कापणारा.”

मी घरी आलो आणि मंदारला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “काका, आता कशाला? त्या देशाचं पुढचं काम परत आपल्याकडेच यायचंय. आणि तुमचं नाव...”

“ते खांदा कापून घेतायत, मंदार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थेरगावला गेलो.

दोन खोल्यांचं घर, पुढं गॅलरी. बुद्धाच्या मूर्तीपुढे ताजी फुलं. सुभेदार बनियनवर बसले होते, मिशी पांढरी झाली होती. “या काका! अगं, काका आलेत, चहा टाक.” मी म्हणालो, चहा नको, आधी ऐका. आणि उभ्यानंच सांगितलं. घार, पावलं, नमस्ते, माझे जोडलेले हात. मग तो ‘नाही’.

ते ऐकत होते. मी थांबलो तरी ऐकत असल्यासारखे बसून होते.

“परत सांगा,” ते म्हणाले.

मी परत सांगितलं.

“सुमन, हिकडं ये. काका, हिला सांगा.”

तिसऱ्यांदा सांगितलं. सुमनताई पदराला हात पुसत उभ्या होत्या. ऐकून झाल्यावर आत जाऊन त्यांनी गॅस बंद केला. तो खटका मला ऐकू आला. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, “वर्षभर मी ह्यांच्या खांद्याला तेल चोळतेय, काका. रात्री झोपेत हे म्हणतात, हात हाय का गेला. तुम्ही चिंचवडला होता ना? एवढ्या लांब होतं का थेरगाव?”

मी म्हणालो, “मी मेजरसाहेबांना सांगतो. त्या पाहुण्यांनाही कळवतो.”

“मेजरसाहेब बदलून गेले,” सुभेदार म्हणाले. “पाहुणे त्यांच्या मुलखात. मांडवात बसलेली माणसं कुठं कुठं गाठणार तुम्ही?” मग एकदम उठून गॅलरीत गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. कठडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. “जा आता, काका. मी आत्ता काही बोललो तर ते माझ्या बी आणि तुमच्या बी जन्माला पुरंल. जा.”

मेजरसाहेबांना मी सांगितलं आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मांडवातली बाकीची माणसं मला गाठता येत नाहीत, म्हणून हे लिहितो आहे. आमच्या जेवणाच्या टेबलाशी हे वाचून दाखवा असं मी मंदारला सांगितलं आहे.

त्या दिवशी मी जिना उतरलो. खाली एका बंद दुकानाच्या पायरीवर जरा बसलो. वरून आवाज आला. सुभेदार गॅलरीत येरझाऱ्या घालत होते, कानाला फोन. समुद्रापलीकडे शिंदे झोपेतून उठला असावा, कारण त्यांना सगळं दोनदा सांगावं लागत होतं. गल्लीतली दुचाकीवरची माणसं मान वर करून बघत होती. समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालता घालता थांबली होती. सुभेदारांना कुणाचं भान नव्हतं. उजवा हात डोक्याच्या वर नेऊन ते तो गरागरा फिरवत होते आणि पत्र्याला लागणाऱ्या त्या जुन्या आवाजात ओरडत होते, “बाळ्या, ऐकतोयस का? माझा खांदा बराबर हुता! आरं येड्या, बराबर हुता माझा खांदा!”